रोबो की नळीवालं? मानेवाड्यातल्या एका घराचं प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "अरे, मुलगा रोबो पाठवून राहिला. झाडायचा. अक्षय तृतीयेला ऑर्डर करतो म्हणते. त्याच्याआधी तू एकदा घर पाहून जा."

नागपूरच्या महाल भागात माझं घरगुती यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. मिक्सर, गिझर, कूलरच्या मोटारी हे रोजचं पोट. व्हॅक्यूम क्लीनर महिन्याला दहा-बारा येतात. अलीकडे त्यांत रोबोही दिसायला लागले, बहुतेक वेळा ब्रशला गुंडाळलेल्या केसांसकट. त्यामुळे ‘रोबो घेऊ की नळीवालं व्हॅक्यूम क्लीनर’ हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर एका शब्दात हवं असतं. मी ते देत नाही, कारण चुकीचं यंत्र घेतलेली माणसं सहा महिन्यांनी माझ्याकडेच येतात आणि तेव्हा यंत्रात दुरुस्त करण्यासारखं काहीच सापडत नाही.

काकूंचं प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण तिथे मोजमाप करायला वेळ मिळाला, उसना रोबो मिळाला, आणि माझा स्वतःचा अंदाज दोनदा चुकला.

घर आणि माणसं

मानेवाड्याच्या आतल्या गल्लीत १९९४ साली बांधलेलं बैठं घर. हॉल, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, मागे धुण्या-भांड्याचा सांडवा. हॉलमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या, दोन्ही बेडरूममध्ये जुनी मोझाइकच आहे, स्वयंपाकघरात कोटा. प्रत्येक दारात काळ्या कडप्प्याची पट्टी. ही पट्टी पुढे बराच त्रास देणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

काका ७४ वर्षांचे, एका गुडघ्याने त्रासलेले. काकू ६९. त्यांना धुळीची ॲलर्जी. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका आणि पावसाळ्यात इनहेलर. मुलगा पुण्याला. झाडू-पोछ्याला मावशी येतात, बारा वर्षांपासून. पण उन्हाळ्यात लग्नाच्या तारखा लागल्या की त्या उमरेडकडे गावी जातात, कधी आठ दिवस, कधी पंधरा. मुलाची काळजी तीच होती: मावशी नसल्या की आई झाडू हातात घेते, झाडूने धूळ उडते, आणि रात्री फोनवर आईचा आवाज बसलेला ऐकू येतो. चाळीस हजारांपर्यंत त्याची तयारी होती.

एक व्हॅक्यूम क्लीनर त्या घरात आधीच होता. माळ्यावर. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने घरोघरी जाऊन विकायची पद्धत आपल्याकडे रुजवली, आणि नव्वदच्या दशकात टाय लावलेला विक्रेता दिवाणखान्यात बसून तुमच्याच गादीतली धूळ तुम्हाला दाखवतोय हे दृश्य नागपूरच्या कित्येक घरांनी पाहिलंय. काकूंकडचं यंत्र कोणत्या कंपनीचं ते राहू द्या. घेतल्यावर वर्षभर दर रविवारी निघालं, मग दिवाळीपुरतं, मग माळ्यावर. मी विचारलं, बिघडलं होतं का? काका म्हणाले, "बिघडलं नव्हतं. काढायचा कंटाळा." माळ्यावरून उतरवा, नळी जोडा, वायर सोडा, पुन्हा सगळं गुंडाळा. दहा मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटांची तयारी.

हे वाक्य मी डायरीत लिहून घेतलं. यंत्र कुठे ठेवणार, हे कोणतं यंत्र घेणार याच्याइतकंच मोठं असतं. दुकानात मात्र ते कोणी विचारत नाही.

धूळ येते कुठून

मी काकूंना म्हटलं, दोन दिवस झाडू नका. त्यांच्या तोंडावरून वाटलं की मी जेवू नका म्हणालो. "दोन दिवस केर नाही काढायचा? घरात लक्ष्मी कशी राहील रे?" मावशींनाही राग आला, बारा वर्षांत त्यांच्या कामाची कोणी तपासणी केली नव्हती. शेवटी ठरलं की देवघर आणि स्वयंपाकघर रोजच्यासारखं झाडायचं, बाकी तीन खोल्या तशाच ठेवायच्या.

दोन दिवसांनी संध्याकाळी गेलो. दिवे बंद केले आणि टॉर्च फरशीवर आडवी ठेवली. वरून उजेड पाडला तर धूळ दिसत नाही; जमिनीलगत पाडला की कणाकणाची सावली पडते. हॉलमध्ये धूळ होती, पण सारखी पसरलेली. आतल्या बेडरूममध्ये मात्र खिडकीतल्या कूलरपासून पलंगापर्यंत धुळीचा एक स्पष्ट पट्टा होता, कूलरच्या तोंडाशी अरुंद आणि पुढे पंख्यासारखा रुंद होत गेलेला. पट्ट्याचं टोक काकूंच्या उशीकडे.

नागपुरात धूळ म्हटली की आपण कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या राखेकडे बोट दाखवतो. ती राख खरी आहे, पण कोराडी शहराच्या उत्तरेला आणि मानेवाडा दक्षिणेला. या घरातली धूळ गल्लीतली होती. रस्ता सिमेंटचा झाला, त्याच्या दोन्ही कडा उघड्या राहिल्या आणि येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तिथली माती उचलते. कूलर ती माती ओढतो.

पण ओल्या ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या पाणी झिरपणाऱ्या जाळ्यांमधून, एवढी धूळ यायला नको. ताटी ओली असली की बरीचशी माती तिच्यातच अडकते, उरलेली टाकीत उतरते. मी काकांना विचारलं, रात्री कूलर कसा चालवता? "बारापर्यंत पाणी, मग पंप बंद. थंडी वाजते हिला. नुसता पंखा राहू देतो." तिथेच गाठ सापडली. पंप बंद केला की तासाभरात ताटी वाळते. मग ती धूळ अडवत तर नाहीच, दिवसभर साठवलेलीही सोडायला लागते. रात्री बारा ते सकाळी सहा काकूंच्या उशीवर तेच वारं.

आणखी एक बाजू आहे. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे पुष्कळदा गाद्या-उशांमधले सूक्ष्म किडे असतात, ज्यांना डस्ट माइट म्हणतात. हवेतली आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचं जगणं अवघड होतं. नागपूरचा कोरडा उन्हाळा त्यांना मानवणारा नाही. पण बंद खोलीत रात्रभर कूलर लावला की आपण त्या खोलीत छोटा पावसाळाच तयार करतो. म्हणजे काकूंच्या बाबतीत फरशीपेक्षा गादी महत्त्वाची. रोबो गादीवर चढत नाही.

इथे माझं मत बनत चाललं होतं. तरी मी मुलाला लगेच नाही म्हटलं नाही, कारण पुण्यात बसून पैसे देणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणायचं तर चालवून दाखवायला हवं.

उसना रोबो

माझी बहीण बेसा भागात नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे दोन वर्षांपासून रोबो आहे आणि तिथे तो सोन्यासारखा चालतो. सगळीकडे एकच फरशी, दारात उंबरठे नाहीत, कुत्र्याचे केस रोज पडतात आणि नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर. तिचा रोबो चार दिवसांसाठी मागून आणला. गोल, ३५ सेंटिमीटर व्यासाचा, वर लेझर फिरवणारी टोपी. टोपीसकट उंची ९.६ सेंटिमीटर. टोपीतून सुटणारा किरण भिंतींवरून परत येतो, त्यावरून तो खोलीचा नकाशा काढतो आणि मग नांगरासारखे सरळ तास धरत फिरतो. जुने, स्वस्त रोबो भिंतीला आपटून कुठेही वळतात. त्यांच्याशी याची तुलना करू नये.

हॉलमध्ये सोडला. काका खुर्चीत पाय वर घेऊन बसले. मावशी दारात, कमरेवर हात. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प. मग मावशी म्हणाल्या, "कोपऱ्यात तं जाऊनच नाई राह्यला." खरं होतं. गोल यंत्र काटकोनाच्या कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही. बाजूचा छोटा ब्रश जेवढं बाहेर ओढेल तेवढंच. सोफ्याखाली गेला नाही, कारण सोफ्याखालची जागा ८ सेंटिमीटर. दिवाण खाली पेटीबंद, तिथे प्रश्नच नव्हता. लोखंडी कपाटाखाली गेला आणि आतून एक हरवलेलं पेनाचं टोपण आणि खूप जुनी धूळ घेऊन आला. काकू एवढ्यावरच खूश झाल्या.

मग तो बेडरूमच्या दाराशी आला आणि थांबला. मागे गेला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. पट्टी मी आधीच मोजली होती: हॉलच्या बाजूने उंची दीड सेंटिमीटर. या जातीचे रोबो साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत चढतात, म्हणून मी बेफिकीर होतो. हा माझा पहिला चुकलेला अंदाज. अडचण उंचीची नव्हती, रंगाची होती. रोबोच्या पोटाखाली पुढच्या कडेला इन्फ्रारेड डोळे असतात. ते खाली किरण सोडतात आणि तो परत आला तर समजतात की पुढे जमीन आहे. परत आला नाही तर पुढे जिना आहे, पडू नकोस. काळा कडप्पा किरण गिळतो. बिचाऱ्याला प्रत्येक दारात दरी दिसत होती.

मावशी खाली वाकून पाहत होत्या. "याले डोये हायेत, पण उजेडाचे," म्हणाल्या. मी अर्धा तास लावून समजावलं असतं ते त्यांनी एका वाक्यात आटोपलं.

पट्टीवर पांढरा कागद चिकटवला तर तो सुरळीत पलीकडे गेला. म्हणजे निदान बरोबर होतं. पण चार दारांवर कायमचा पांढरा टेप लावून राहायला काकू तयार होणार नव्हत्या, आणि रोज पोछा बसला की टेप आठवड्यात निघणार. काही जण पोटाखालचे डोळेच टेपने झाकतात. मी ते सुचवत नाही. मागच्या सांडव्याला दोन पायऱ्या आहेत आणि दार उघडं राहिलं तर चाळीस हजार पायऱ्यांवरून खाली. राहिला एकच मार्ग, उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणं. साडेतीन किलोचं यंत्र, वाकून, गुडघा दुखणाऱ्या काकांनी.

दुसऱ्या दिवशी कूलरची वायर अडकली. ती फरशीवरून जाते, स्टँडला दोन वेढे घेऊन. रोबोने बाजूच्या ब्रशने ती ओढली, गुंडाळली आणि ‘मला सोडवा’ असं इंग्रजीत ओरडत बसला. काकूंना वाटलं कोणीतरी आलं.

तिसऱ्या दिवशी रांगोळी. काकू रोज सकाळी देवघरासमोर चार बोटांची रांगोळी काढतात, स्वस्तिक आणि दोन पावलं. मी मोबाइलवर त्या जागेभोवती प्रवेशबंदीची चौकट आखली होती. पण आदल्या संध्याकाळी यंत्र उचलून दुसरीकडून सुरू केलं, त्याची आपण कुठे आहोत ही समजूत थोडी सरकली आणि चौकटही सरकली. सकाळी पावलांमधलं एक पाऊल गायब. काकू काही बोलल्या नाहीत, दुसरं काढलं. पण त्या घरात रोबोचं काय होणार ते मला तेव्हा कळलं. डब्बा उघडला तर जाळी पांढरी झालेली. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते आणि ओढ निम्म्यावर आणते. माझ्या टेबलावर ‘रोबो ओढत नाही’ म्हणून येणाऱ्यांत दिवाळीनंतर रांगोळीवाले बरेच असतात.

एवढं सगळं सांगून त्याची बाजूही सांगायला हवी. मोकळ्या फरशीवर त्याने काम चांगलं केलं. बेडरूममधला तो धुळीचा पट्टा, जो मावशींच्या झाडूनंतरही टॉर्चमध्ये थोडा दिसायचा, तो रोबोनंतर जवळजवळ दिसेनासा झाला. आणि धूळ उडाली नाही. झाडू कितीही हलक्या हाताने मारला तरी बारीक धूळ हवेत जाते आणि तासाभराने पुन्हा खाली बसते.

माळ्यावरचं यंत्र

रोबो परत करायच्या आदल्या दिवशी माळ्यावरचं जुनं यंत्र उतरवलं. नळीला दोन चिरा, मोटरचे कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरलेले. दुकानात नेऊन ब्रश बदलले, नळीला टेप मारला आणि परत आणून अंधाऱ्या खोलीत चालू केलं. टॉर्च यंत्राच्या मागच्या बाजूला धरली, जिथून हवा बाहेर पडते. उजेडाच्या झोतात धूळ नाचत होती, चक्कीत पिठाची नाचते तशी. कापडी पिशवी मोठा कचरा धरते, बारीक सगळं मागून सोडते. काकूंनी तीस वर्षांपूर्वी दर रविवारी ज्या यंत्राने गादी साफ केली, त्याने गादीतली धूळ त्यांच्या नाकाच्या उंचीवर आणून सोडली होती.

ही टॉर्चची परीक्षा कोणीही घरी करू शकतो. खोक्यावर हेपा लिहिलेलं असणं वेगळं आणि यंत्र हवाबंद असणं वेगळं. हेपा फिल्टरची अमेरिकी व्याख्या म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं. युरोपच्या वर्गवारीत एच १३ साठी आकडा ९९.९५. पण फिल्टरच्या कडेचं रबर सैल असेल तर हवा फिल्टरमधून जातच नाही, सोपी वाट धरते.

आकड्यांचा घोळ

मुलाने फोनवर दोन आकडे समोर ठेवले. रोबो ५००० पास्कल, नळीवालं १४०० वॅट. "दादा, यात मोठं कोणतं?"

तुलना होतच नाही. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं. किती ओढतं ते त्यातून कळत नाही. युरोपीय संघाने व्हॅक्यूम क्लीनरवर सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथल्या गालिच्यांवर धूळ साचली नाही. कंपन्यांनी पंखे आणि तोंडं सुधारली. पास्कल म्हणजे ओढीचा दाब. नळीवाल्या चांगल्या यंत्राचा दाब किलोपास्कलमध्ये लिहितात, १८ ते २० च्या आसपास. म्हणजे १८ ते २० हजार पास्कल. रोबोचे ५००० त्यापुढे कमी दिसतात, पण त्याचं तोंड फरशीपासून काही मिलिमीटरवर असतं आणि फिरता ब्रश कचरा उचलून आत ढकलतो. टाइल्सवर तेवढं पुरतं. गादीच्या विणीतून ओढायला पुरत नाही.

वीज मी काकांच्या समाधानासाठी मोजली, कारण महावितरणच्या बिलावर त्यांचं बारीक लक्ष. नळीवालं १४०० वॅटचं, आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं, म्हणजे महिन्याला पाच युनिट. रोबोची बॅटरी १४.४ व्होल्ट, ५२०० मिलिॲम्पियर-तास, एका पूर्ण चार्जला ७५ वॅट-तास. चार्जिंगचं नुकसान धरून रोज ०.१ युनिट, महिन्याला तीन. डॉक, म्हणजे रोबोचा चार्जिंगचा तळ, चोवीस तास प्लगमध्ये राहतो त्याचे एक-दोन वेगळे. फरक चहाच्या कपाएवढाही नाही. काकांनी तरी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

खरा फरक उन्हाने पडतो, आणि हे पुण्यात बसून लक्षात येत नाही. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ तर आपल्याकडे बहुतेक वर्षी. बहुतेक रोबोंच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश असते. लग्नाला आठ दिवस बाहेरगावी गेलात, घर बंद, डॉक पश्चिमेच्या भिंतीला, तर ती लिथियम बॅटरी भरलेल्या अवस्थेत भाजत बसते. त्याने ती लगेच मरत नाही, म्हातारी लवकर होते. माझ्याकडे आलेल्या रोबोंपैकी बॅटरीच्या तक्रारीचे बरेचसे जून-जुलैत येतात.

आणि पोछा. ओला कपडा लावणाऱ्या रोबोबद्दल मुलगा फार उत्साहात होता. मी म्हटलं, मावशींच्या पिळलेल्या फडक्याने जो जोर लागतो तो त्याच्यात नाही. सांडलेल्या वरणाचा डाग तो चार वेळा चाटून पुसट करेल. शिवाय त्या घरात बोअरचं पाणी. टाकीची बारीक भोकं क्षाराने बुजायला फार दिवस लागत नाहीत.

काय ठरलं

नळीवालं. नवं, कागदी नव्हे तर जाड फेल्टसारख्या बंद पिशवीचं, एच १३ फिल्टरचं, साडेपाच किलो, अकरा हजारांच्या आत. पिशवीवर मी अडून बसलो. बिनपिशवीच्या डब्बावाल्या यंत्रांना ‘पिशवीचा खर्च नाही’ ही सोय आहे खरी, पण डब्बा रिकामा करताना जो ढग उठतो तो नेमका काकूंच्या तोंडावर. पिशवी भरली की तोंड बंद करून टाकून द्यायची, वर्षाला चार-पाच लागतात.

उरलेल्या पैशांतून गादी-उशांची घट्ट विणीची खोळ घेतली, आणि कूलरच्या ताट्या बदलल्या. पंप रात्रभर चालू, पंख्याचा वेग कमी, कूलरचं तोंड उशीवरून बाजूला वळवलेलं. खोलीचं दुसरं दार बोटभर उघडं, म्हणजे दमटपणा साचत नाही. चादरी-खोळी पंधरा दिवसांतून एकदा कढत पाण्यात. ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात ते किडे मरतात. गादी मेमध्ये गच्चीवर. नागपूरचं ऊन फुकट आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

यंत्र ठेवायची जागा मी काकांबरोबर हिंडून ठरवली. हॉलमधल्या शोकेसच्या खालचा कप्पा. त्यातले जुने अंक आणि न वापरलेले कपबशांचे संच माळ्यावर गेले आणि माळ्यावरचं यंत्र माझ्या दुकानात आलं. त्याची मोटर अजून ठणठणीत आहे. मी ती उलटी नळी लावून मिक्सरमधलं पीठ उडवायला वापरतो.

वाटणी अशी ठरली. रोजचा केर मावशी, झाडूनेच, पण काकू त्या वेळी अंगणात. रविवारी आणि बुधवारी काका यंत्र चालवणार, काकू स्वयंपाकघरात.

आता दुसरा चुकलेला अंदाज. पहिल्याच बुधवारी काकांचा फोन: "तुझं हे पण पट्टीवर अडते!" यंत्राची चाकं दीड सेंटिमीटरच्या कडप्प्यावर चढेनात. ओढलं की उलटतं. ज्या पट्टीसाठी मी रोबोला नापास केलं, तिने माझ्या उमेदवाराचंही नाक कापलं, आणि काका साडेपाच किलो उचलून पलीकडे नेत होते. रोबो साडेतीनचा होता! तोडगा त्यांनीच काढला. यंत्र हॉलमध्येच ठेवायचं, बेडरूमच्या दाराजवळ, आणि फक्त नळी आत न्यायची. त्यासाठी एक जादा दांडी मागवली. खोलीच्या शेवटच्या भिंतीशी दोन हात उरतात, ते मावशी झाडतात.

जूनमध्ये पहिला वळीव कूलरच्या खिडकीतून आत आला. काका यंत्र घेऊन पाणी ओढायला निघाले होते. यंत्र कोरड्या कचऱ्याचं. पाणी मोटारीत गेलं असतं तर संपलंच. काकूंनी ओरडून थांबवलं. पाणीही ओढणारी वेगळी यंत्रं येतात, हे मी विकत घेताना काकांना स्पष्ट सांगायला हवं होतं.

मावशी मेमध्ये तेरा दिवस गावी होत्या. त्या दिवसांत काकांनी रोज फक्त हॉल आणि आतली खोली काढली, बाकी घर तसंच राहिलं. काकूंनी झाडू हातात घेतला नाही, असं त्या सांगतात. काका म्हणतात दोनदा घेतला.

शिंकांचं विचाराल तर पावसाळ्यापर्यंत सकाळच्या पंधरा-वीसच्या पाच-सहा झाल्या. त्यात यंत्राचं श्रेय किती, कूलरचं किती, खोळीचं किती, हे वेगळं काढता येणार नाही, कारण तिन्ही एकदम बदललं. माझ्या मनाने कूलरचा पंप पहिल्या नंबरवर, आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. ऑगस्टमध्ये इनहेलर लागलाच, पण डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही.

दिवाळीला मुलगा आला तेव्हा दुकानात येऊन गेला. पुढच्या वर्षी बेडरूमच्या मोझाइकवर नव्या टाइल्स टाकायच्या आहेत, कडप्पाही निघेल. मग रोबो चालेल का, त्याने विचारलं. मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं: दारातली पट्टी फिकट रंगाची, एक सेंटिमीटरच्या आत, नवा सोफा घ्याल तर पाय किमान ११ सेंटिमीटरचे, डॉकचा प्लग पूर्वेच्या भिंतीला, कूलरची वायर भिंतीवर क्लिपने. कागद त्याने काकूंना दाखवला. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला, त्यात खाली काकूंच्या अक्षरात पाचवी ओळ होती: ‘देवघरासमोर येणार नाही याची खात्री.’